बायपासमधला जोड किती वर्षं टिकतो? हाताचा टाका, यंत्राचा कनेक्टर आणि घरच्यांची जबाबदारी

नगर जिल्ह्यात आता ‘बायपास’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मुकुंदनगरपासून श्रीरामपूरपर्यंत आणि संगमनेरपासून जामखेडपर्यंत, जवळपास प्रत्येक खानदानात कुणा ना कुणाची छाती उघडून झालेली असते. अब्बांची, चाचांची, मामूंची, आणि अलीकडे अम्मींचीसुद्धा. अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात आला की घरात दोनच प्रश्न फिरतात. ब्लॉकेज किती आहेत? आणि खर्च किती येणार?

हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण तिसरा एक प्रश्न असतो, तो फारच कमी लोक विचारतात. ऑपरेशनमध्ये जी नवी रक्तवाहिनी जोडणार आहेत, ती चालणार किती वर्षं? आणि ती जोडणार कशी, हातानं टाके घालून की एखाद्या यंत्रानं? आज आम्ही याच प्रश्नाबद्दल सविस्तर लिहीत आहोत. कारण यात डॉक्टरच्या हातात जेवढं आहे, तेवढंच घरच्यांच्या हातातही आहे.

बायपास म्हणजे नेमकं काय जोडतात?

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते देणाऱ्या वाहिन्या हृदयाच्या वरच्या बाजूनं पसरलेल्या असतात. त्या फार बारीक असतात. जिथे जोड घालायचा असतो तिथे वाहिनीची रुंदी अनेकदा दीड-दोन मिलिमीटरच भरते. या वाहिन्यांत चरबीचा थर साचून रस्ता अरुंद झाला की छातीत दुखतं, दम लागतो, आणि रस्ता अचानक बंद झाला की हार्ट अटॅक येतो.

बायपासमध्ये बंद पडलेला रस्ता साफ करत नाहीत. त्याला वळसा घालून दुसरा रस्ता काढतात. नगरच्या बाहेरून जसा बाह्यवळण रस्ता काढला, तसंच. त्यासाठी लागणारी वाहिनी रुग्णाच्याच शरीरातून घेतात. पायातली शीर घेतात, हातातली धमनी घेतात, किंवा छातीच्या आतल्या बाजूनं जाणारी धमनी वापरतात. या नव्या वाहिनीला डॉक्टर ‘ग्राफ्ट’ म्हणतात. केसपेपरवर ‘सीएबीजी’ लिहिलेलं असतं, ते हेच ऑपरेशन.

पायातली शीर वापरली तर तिला दोन जोड लागतात. एक टोक महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य नळीला. दुसरं टोक ब्लॉकेजच्या पुढे, हृदयावरच्या बारीक वाहिनीला. छातीतल्या धमनीचं मात्र वेगळं आहे. तिचं वरचं टोक आधीपासूनच चालू रक्तप्रवाहाला जोडलेलं असतं, ते तसंच ठेवतात. फक्त खालचं टोक मोकळं करून हृदयावर जोडतात. त्यामुळे तिथे एकच जोड पुरतो.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये पायातली शीर वापरून या ऑपरेशनचा पाया पक्का केला. भारतात १९७५ मध्ये चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे हॉस्पिटलमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिली यशस्वी बायपास केली. तेव्हापासून आजपर्यंत जगभर बहुतेक जोड हातानंच घातले जातात. केसासारखा बारीक धागा, वाकडी सुई आणि डोळ्यांवर भिंग लावलेला सर्जन. एका जोडाला दहा-बारा टाके. टाका सैल पडला तर रक्त गळतं, जास्त ओढला तर तोंड आवळतं.

मग यंत्राची गरज का वाटली?

यामागे दोन कारणं होती.

पहिलं कारण मेंदूचं. पायातल्या शिरेचं वरचं टोक महाधमनीला जोडताना महाधमनीला बाजूनं चिमटा लावतात, त्याला क्लॅम्प म्हणतात. तेवढा भाग चिमट्यात धरून छिद्र पाडायचं, टाके घालायचे, मग चिमटा काढायचा. पण वय झालेल्या माणसाच्या, विशेषतः शुगर असलेल्या आणि तंबाखू ओढलेल्या माणसाच्या महाधमनीत आतून चुना आणि चरबीचे थर साचलेले असतात. चिमट्यानं दाबताना त्यातला एखादा कण सुटला आणि रक्तातून मेंदूत गेला, तर रुग्ण टेबलावरून लकवा घेऊनच उठतो. हृदय वाचलं आणि हातपाय गेले, असं होऊ नये म्हणून सर्जन मंडळी चिमटा न लावता जोड घालण्याचा मार्ग शोधत होती.

दुसरं कारण वेळ आणि सारखेपणा. धडधडत्या हृदयावर किंवा छोट्या छेदातून ऑपरेशन करताना हातानं टाके घालणं फार अवघड जातं. यंत्रानं एका झटक्यात जोड बसला तर वेळ वाचेल आणि प्रत्येक जोड सारखा येईल, असा विचार होता. कागदावर तो अगदी पटण्यासारखा होता.

‘सिमेट्री’ची गोष्ट: आधी गर्दी, मग माघार

२००० च्या आसपास सेंट ज्यूड मेडिकल या अमेरिकन कंपनीनं ‘सिमेट्री’ नावाचा कनेक्टर आणला. नितीनॉल या धातूची ती ताऱ्यासारखी छोटी कडी होती. पायातली शीर तिच्यावर चढवायची, महाधमनीला छिद्र पाडायचं आणि कडी आत बसवायची. तिचे आकडे आतून-बाहेरून भिंत पकडून ठेवत. टाका नाही, चिमटाही नाही. २००१ मध्ये अमेरिकेत तिच्या विक्रीला मंजुरी मिळाली आणि बऱ्याच सर्जननी ती वापरायला सुरुवात केली. ऑपरेशन थिएटरमधला अनुभव चांगला होता. जोड पटकन बसायचा, रक्त गळायचं नाही.

अडचण पुढे आली, आणि तीही थिएटरमध्ये नाही. रुग्ण घरी गेल्यावर काही महिन्यांनी काहींच्या छातीत पुन्हा दुखू लागलं. अँजिओग्राफी केली तर शीर नेमकी कनेक्टरपाशीच आवळलेली किंवा बंद झालेली दिसली. २००३-०४ च्या सुमारास अमेरिका आणि युरोपातल्या डॉक्टरांनी असे अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत मांडले. २००४ मध्ये कंपनीनं या कनेक्टरची विक्री थांबवली.

असं का झालं? डॉक्टरांनी जी कारणं सांगितली, ती आपल्यालाही समजण्यासारखी आहेत. शीर कडीवर चढवताना तिच्या आतलं नाजूक अस्तर दुखावत होतं. कडीचा धातू थेट वाहत्या रक्ताच्या संपर्कात येत होता, त्यामुळे तिथे गुठळी धरायची शक्यता वाढत होती. शिवाय शीर महाधमनीतून एकदम काटकोनात बाहेर निघत होती, त्यामुळे ती मुरगळण्याचा धोका होता. शरीर जखम भरायला जातं, तिथे नवी पेशी धरतात, आणि त्या पेशींनीच रस्ता अरुंद होतो. शेतात ठिबकची नळी पिळली गेली की पुढच्या झाडांना पाणी पोहोचत नाही. वरून नळी शाबूत दिसते, आत पाणी थांबलेलं असतं. हेही तसंच.

या गोष्टीतून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऑपरेशन छान झालं आणि ऑपरेशन टिकलं, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं त्याच दिवशी कळतं. दुसरं कळायला महिने आणि वर्षं लागतात, आणि त्यासाठी रुग्णाला पुन्हा बोलावून तपासावं लागतं. ज्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासलं, त्यांच्यामुळेच हा दोष उघड झाला.

पुढचे कनेक्टर आणि खरी कसोटी

सिमेट्री गेली, पण विचार संपला नाही. चुंबकाच्या कड्या वापरून वाहिन्या जोडण्याचा प्रयोगही झाला, पण तो रुजला नाही. कार्डिका नावाच्या कंपनीनं दोन उपकरणं आणली. हृदयावरच्या बारीक वाहिनीसाठी ‘सी-पोर्ट’ आणि महाधमनीच्या टोकासाठी ‘पास-पोर्ट’. सी-पोर्टला अमेरिकेत २००५ मध्ये आणि पास-पोर्टला २००८ मध्ये मंजुरी मिळाली. पास-पोर्ट जपानमध्येही बराच वापरला गेला.

या वेळी तपासणी जास्त काटेकोर झाली. पास-पोर्टच्या अभ्यासात अमेरिका आणि युरोपातले २२० रुग्ण घेतले. पद्धत साधी पण हुशारीची होती. ज्या रुग्णाला किमान दोन शिरा जोडायच्या आहेत असाच रुग्ण निवडायचा. एका शिरेचं टोक यंत्रानं जोडायचं, दुसरीचं हातानं. कुठली शीर कशानं जोडायची, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. म्हणजे माणूस एकच, रक्त एकच, शुगर एकच, औषधंही तीच. फरक फक्त जोडाचा. नऊ महिन्यांनी अँजिओग्राफी करून पाहिलं. यंत्रानं जोडलेल्या १०० पैकी सुमारे ८२ शिरा चांगल्या चालू होत्या. हातानं जोडलेल्याही १०० पैकी सुमारे ८२.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. एका बाजूनं बघितलं तर यंत्र हाताइतकंच टिकलं, सिमेट्रीसारखं फसलं नाही. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर यंत्रानं हाताला मागेही टाकलं नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जोड कसाही घातला तरी पायातल्या १०० शिरांपैकी १८ शिरा नऊ महिन्यांतच बिघडल्या होत्या. म्हणजे खरा प्रश्न टाक्याचा कमी आणि शिरेचा जास्त आहे.

बाजाराचं म्हणाल तर कार्डिकानं पुढे नाव बदलून डेक्सटेरा सर्जिकल केलं आणि २०१७ च्या शेवटी त्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. चांगलं उपकरणही कंपनीसोबत डळमळीत होऊ शकतं, हेही यातून दिसतं.

जोडापेक्षा वाहिनी महत्त्वाची

पायातली शीर मुळात कमी दाबाचं रक्त वाहून नेण्यासाठी बनलेली असते. तिला महाधमनीला जोडलं की एकदम धमनीचा दाब झेलावा लागतो. काही शिरा तो झेलतात, काही जाड होत जातात, काही बंद पडतात. अमेरिकेतल्या सुमारे ३,००० रुग्णांच्या ‘प्रिव्हेंट-४’ नावाच्या अभ्यासात वर्ष-दीड वर्षानंतर अँजिओग्राफी केली, तेव्हा पायाच्या शिरांपैकी साधारण पाव शिरा निकामी झालेल्या आढळल्या. दहा वर्षांनंतर साधारण अर्ध्याच किंवा थोड्या जास्त शिरा चालू राहतात, असं मानलं जातं.

छातीतल्या धमनीचं मात्र नशीब वेगळं. हृदयाच्या पुढच्या मुख्य वाहिनीला जोडलेली ही धमनी दहा वर्षांनंतरही १०० पैकी ९० च्या आसपास रुग्णांत चालू असते. म्हणूनच आज बहुतेक बायपासमध्ये ही धमनी वापरतातच. हातातल्या मनगटाच्या धमनीचे निकालही पायाच्या शिरेपेक्षा चांगले दिसले आहेत. मात्र प्रत्येकाच्या हातातून ती घेता येत नाही. किडनीचा आजार असेल, पुढे डायलिसिस लागण्याची शक्यता असेल, तर डॉक्टर ती टाळतात.

भारतातले रुग्ण ज्यांत होते असे दोन मोठे अभ्यास इथे सांगायला हवेत. एक ‘कोरोनरी’ नावाचा. १९ देशांतल्या ७९ हॉस्पिटलांत ४,७५२ रुग्ण घेतले. निम्म्यांची बायपास हृदय थांबवून, मशीनवर. निम्म्यांची धडधडत्या हृदयावर. पाच वर्षांनी मृत्यू, लकवा, हार्ट अटॅक, किडनी निकामी होणं किंवा पुन्हा ऑपरेशन लागणं, हे सगळं मिळून मोजलं. दोन्ही गटांत प्रमाण १०० मागे सुमारे २३, म्हणजे जवळजवळ सारखंच. आपल्याकडे ‘धडधडत्या हृदयावर केलं’ हे मोठ्या अभिमानानं सांगतात. चांगल्या हातांनी केलं तर दोन्ही रस्ते पोहोचवतात, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा अभ्यास ‘आर्ट’ नावाचा. सात देशांतले ३,१०२ रुग्ण, दहा वर्षं पाठपुरावा. एका गटाला छातीतली एक धमनी वापरली, दुसऱ्या गटाला दोन. दहा वर्षांनी दोन्ही गटांतले १०० पैकी साधारण ८० रुग्ण हयात होते. घरात जेव्हा कुणी म्हणतं की ‘आता काय, बायपास झाली, दिवस मोजायचे’, तेव्हा हा आकडा सांगावा. बायपास झालेला माणूस संपलेला नसतो. नातवंडांची शादी पाहणारे कितीतरी आहेत.

एक उदाहरण सगळ्यांच्या माहितीतलं

माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये ब्रिटनमध्ये झाली. २००४ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली. २४ जानेवारी २००९ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये त्यांची दुसऱ्यांदा बायपास झाली. ती करणाऱ्या पथकाचं नेतृत्व मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा यांनी केलं. त्या वेळी पाच नवे ग्राफ्ट घातले. त्यानंतर डॉ. सिंग यांनी पुन्हा पाच वर्षं पंतप्रधानपद सांभाळलं आणि २६ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

पहिल्या आणि दुसऱ्या बायपासमध्ये १९ वर्षांचं अंतर, आणि दुसरीनंतर जवळपास १६ वर्षं. हे सगळ्यांना जमेलच असं नाही. पण एक गोष्ट यातून नक्की दिसते. बायपास म्हणजे एकदा करून विसरून जायचं काम नाही. जुन्या ग्राफ्टवर लक्ष ठेवावं लागतं, मधे स्टेंट लागू शकतो, आणि वेळेवर कळलं तर दुसरी संधीही मिळते.

ऑपरेशनआधी काय विचारावं?

आमच्या वाचकांपैकी कुणी नगरमध्येच आनंदऋषीजी हॉस्पिटलला जातं, कुणी शिर्डीला साईबाबा संस्थानच्या हॉस्पिटलला, कुणी पुणे, नाशिक किंवा संभाजीनगर गाठतं. कुठेही जा, सर्जनला हे प्रश्न अदबीनं पण स्पष्ट विचारा. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही.

एक, किती ग्राफ्ट घालणार, आणि कुठून घेणार? छातीतली धमनी वापरणार का? नसेल तर का नाही?

दोन, महाधमनीत चुना साचलेला आहे का? लकव्याचा धोका कमी करण्यासाठी काय करणार?

तीन, जोड हातानं घालणार की एखादं उपकरण वापरणार? उपकरण असेल तर त्याचं नाव काय, का वापरणार, आणि त्याचा किती वर्षांचा अनुभव आहे? ‘नवीन आहे, परदेशी आहे’ एवढं उत्तर पुरेसं नाही. सिमेट्रीही नवीन आणि परदेशीच होती.

चार, त्या उपकरणाचा खर्च बिलात वेगळा लागणार का?

पाच, ऑपरेशननंतर कोणती औषधं किती वर्षं घ्यायची?

खर्चाचंही लिहितो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपासचा समावेश आहे. ही योजना आधी राजीव गांधी जीवनदायी योजना या नावानं २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा आपला जिल्हा त्यात नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. आता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो. पैसे भरण्याआधी, दागिने गहाण टाकण्याआधी, त्याला भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा, आणि दोन्हीवर नाव सारखंच आहे का ते आधीच बघून घ्या. आपल्या नावांचं स्पेलिंग एका कागदावर ‘शेख’, दुसऱ्यावर ‘शेक’ असं होतं आणि ऐनवेळी काम अडतं. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८ आहे. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांत गरीब रुग्णांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दहा टक्के सवलतीत राखीव असतात, त्याचीही चौकशी करा.

कागद सांभाळा, ती आपली तिजोरी आहे

शरीरात बसवलेल्या उपकरणांचा एक कडू अनुभव भारतानं घेतलेला आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा कृत्रिम खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. तोपर्यंत भारतात सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती. पुढे जेव्हा रुग्णांना शोधायची वेळ आली, तेव्हा अनेकांचा पत्ताच लागेना. ज्यांच्याकडे कागद होते, त्यांना आपल्या शरीरात काय आहे ते सांगता आलं. बाकीच्यांना तेही सांगता येईना.

त्यानंतर आपल्याकडे नियम कडक झाले. वैद्यकीय उपकरणांचे वेगळे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. उपकरणामुळे त्रास झाला तर तो नोंदवण्यासाठी २०१५ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमही चालतो. पण नोंद करायची तर उपकरणाचं नाव आणि नंबर हवा.

म्हणून डिस्चार्जच्या वेळी हे मागून घ्या: डिस्चार्ज समरी, ऑपरेशन नोट, अँजिओग्राफीची सीडी, आणि स्टेंट, कनेक्टर किंवा व्हॉल्व्ह बसवला असेल तर त्याच्या पाकिटावरचं स्टिकर. त्या सगळ्याचा मोबाइलमध्ये फोटो काढा आणि घरातल्या दोन माणसांकडे ठेवा. कुठेही एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगा की बायपास झालेली आहे. पाच वर्षांनी छातीत दुखलं आणि दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जावं लागलं, तर ‘कुठली वाहिनी कुठे जोडली’ हा एक कागद त्या डॉक्टरचा अर्धा वेळ वाचवतो.

घरी आल्यावर: जोड टिकवणं आपल्या हातात

सर्वांत जास्त चूक इथे होते. पहिले तीन महिने घर सगळं कसं व्यवस्थित सांभाळतं. डबी भरून गोळ्या, फिक्कं जेवण, चालणं. मग बरं वाटू लागतं. छाती दुखत नाही. कुणीतरी म्हणतं, ‘इतक्या गोळ्या खाऊन किडनी जाईल.’ आणि एकेक गोळी बंद होते.

अ‍ॅस्पिरिन ग्राफ्टमध्ये गुठळी धरू देत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी शिरेच्या आत नवा थर साचू देत नाही. ती फक्त रिपोर्ट चांगला आणण्यासाठी नसते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी बंद करायची नसते. दात काढायचा असेल, दुसरं एखादं ऑपरेशन असेल, तरी अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनानं थांबवू नका. हार्टच्या डॉक्टरला विचारा. एखाद्या गोळीनं अंग दुखतंय, खोकला येतोय, तर गोळी बदलता येते. ती सोडून देणं हा उपाय नाही.

तंबाखू हा ग्राफ्टचा सर्वांत मोठा दुश्मन. संगमनेर, अकोले, नगर भागात बिडी वळण्यावर कितीतरी घरं चालली आहेत, त्यामुळे ती घरात सहज असते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मिळत नाही असं कोण म्हणेल? बायकांची मिश्रीही तंबाखूच आहे. बायपासनंतर बिडी ओढणारा माणूस सर्जनचे टाके आपल्याच हातानं उसवत असतो.

शुगर आणि बीपी दर महिन्याला तपासा. दावतीत बिर्याणी समोर आली की ‘आज एक दिवस’ म्हणतात. महिन्यातून एकदा, थोडी, चालून जाईल. पण आपल्याकडे शादी, अकिका, वलीमा, सगळं एका मोसमात येतं, तेव्हा तो एक दिवस आठवड्यातून तीनदा होतो.

छातीचं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत जड उचलू नका, मोटारसायकल चालवू नका, खोकताना उशी छातीशी धरा. नमाजचं अनेकजण विचारतात. सजद्यात जाताना आणि उठताना हातांवर भार येतो, तो या काळात टाळावा. खुर्चीवर बसून किंवा इशाऱ्यानं नमाज अदा करण्याची सवलत आजाऱ्याला आहेच. शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारा आणि डॉक्टरनं परवानगी दिल्यावरच पहिल्यासारखी सुरुवात करा.

रोज्याचंही तसंच. नुकतीच बायपास झालेल्यानं, शुगर वर-खाली होणाऱ्यानं जिद्दीनं रोजे धरू नयेत. आजाऱ्याला नंतर कजा करण्याची, आणि ज्याला कधीच जमणार नाही त्याला फिद्याची सोय दीनमध्ये आहे. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांनी रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरकडे जावं. कुठली गोळी सहरीला, कुठली इफ्तारला, शुगरचं औषध किती कमी करायचं, हे लिहून घ्यावं. रमजानमध्ये दुपारची गोळी गुपचूप सुटते आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी माणूस आयसीयूत जातो, असं होऊ देऊ नका. हज किंवा उमऱ्याला निघण्याआधीही हीच तयारी हवी, कारण तिथे रोज मैलोगणती चालावं लागतं.

आणि काही झालं तर वेळ घालवू नका. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, दम. शुगरच्या रुग्णाला कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो किंवा ओकारी येते. ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात उचलत नाही, तरी तेच.

शेवटी

कनेक्टरच्या पंचवीस वर्षांच्या इतिहासात एक यंत्र गाजलं आणि मागे घेतलं गेलं, दुसरं हाताच्या टाक्याइतकंच टिकलं. दोन्ही वेळा खरं काय ते थिएटरमध्ये कळलं नाही. ते कळलं रुग्णाला पुन्हा बोलावून तपासल्यावर. आपल्या घरातल्या रुग्णालाही हाच नियम लावा. सहा महिन्यांनी, वर्षानं, मग दर वर्षी, बरं वाटत असलं तरी फॉलोअपला न्या. एसटीचं तिकीट आणि एक दिवसाची मजुरी जाईल. पण अब्बांच्या छातीतला जोड चालू आहे की नाही, हे अटॅक येऊन कळण्यापेक्षा तपासून कळलेलं बरं.